सरासरीला पान कुठे मांडू

यासीनच्या पेल्यातलं पाणी लाल होतं. स्वरूपच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. पहिले दोन दिवस त्याला वाटलं, पेला नीट धुतलेला नसेल. तिसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम पाहिलं. यासीनने बांगड्याचा तुकडा दोन बोटांत धरला, मांडीच्या आडोशाला ठेवलेल्या पेल्यात बुडवला, दोनदा हलवला आणि तोंडात टाकला. मग भातात खड्डा केला, आमटी कडेला सारली आणि कोरडा भात ताकाबरोबर गिळला.

स्वरूप खेडजवळच्या लोटे गावातल्या एका रसायन कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होता. पाण्याचा रंग का बदलला हे विचारण्याचाच त्याला पगार मिळत असे. यासीन त्याच कारखान्यात दीड महिन्यापूर्वी शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागला होता. वय एकवीस, गाव पावसच्या खाली खाडीकाठी, आयटीआय केलेला. दोघेही आनंदीबाईंच्या खानावळीत जेवत.

खानावळ म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या फाट्याजवळ पत्र्याची मोठी खोली. खाली चटया, दोन रांगा. मटण-कोंबडी नाही, मासे, अंडी, भाजी, आमटी, भाकरी, भात. आनंदीबाई, पंगतीच्या मावशी, अठरा वर्षं ही खानावळ एकहाती चालवत होत्या आणि त्यांचा नियम एकच होता. टोप एक, चव एक. नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी तो ऐकवला जाई.

"माज्याकडं साहेब नाय नि हेल्पर नाय. पंक्तिप्रपंच करायचा नाय आपल्याला. एकाला एक नि दुसऱ्याला दुसरं, असलं माज्या हातनं होनार नाय."

यासीनलाही तो ऐकवला होता. त्यामुळे तो काही बोलला नव्हता.

शुक्रवारी सकाळी पावणेबाराच्या सुमारास तो प्लँटच्या दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून खाली बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दोघांनी धरून खाली आणलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, वजन केलं. नोकरीवर घेतानाच्या वजनापेक्षा चार किलो कमी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दोन आठवड्यांनी परत तपासतो. तोवर जमिनीवरचं काम. तेव्हाही असंच निघालं तर उंचीवरच्या कामाला मी हो म्हणणार नाही." उंचीवर जाऊ न शकणाऱ्या शिकाऊ ऑपरेटरला कायम करत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी बसथांब्यावर स्वरूपने त्याला विचारलं, "तू बांगडा धुऊन का खातोस?"

यासीनने उलट विचारलं, "दिसलं का?"

"मला दिसलं. बाकी कुणाला नसेल."

"लागतं मला. कानापर्यंत जातं. पोटात दिवसभर आग असते. मग दुसऱ्या दिवशी जेवायची भीतीच वाटते."

"दुसरीकडे का जेवत नाहीस?"

"बघितलं. फाट्यापलीकडची आहे तिथे याहून जहाल. तिसरी सकाळच्या पाळीच्या आधी उघडत नाही. खोलीत शेगडी चालत नाही मालकाला." मग तो म्हणाला, "मावशीला सांगू नका. हरीभाऊला तर नकोच."

हरीभाऊ म्हणजे हरिश्चंद्र, बॉयलरवरचा. खेडच्या वरच्या अंगाच्या गावातला, चाळिशीतला, पंगतीतला सगळ्यात मोठा आवाज. जेवताना शेजारी दोन हिरव्या मिरच्या असत आणि त्या चावल्याचा आवाज समोरच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने तो चावत असे. ताकाची वाटी पुन्हा मागणाऱ्या यासीनला त्याने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

"काय रे, तुमच्यात तर बिर्याणी, खिमा. नि आमटीनं पानी येतं डोळ्यांत?"

"बिर्याणी लग्नात, हरीभाऊ. रोज कोण करतंय. रोज भात आणि नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण."

"म्हंजे दूधपितं बाळ."

पंगत हसली होती. यासीनही हसला होता.

स्वरूपला प्रश्न पडला तो वेगळाच. एकाच टोपातली आमटी एकाच्या कानापर्यंत जाते आणि दुसरा तिच्यावर मिरची चावतो, तर फरक नेमका कशात आहे? हिमतीत, सवयीत, की जिभेतच? आणि तो मोजता येईल का? यासीनचं नाव न घेता हे करायचं, तर सगळ्यांचंच मोजायला हवं होतं.

रविवारी दुपारी त्याने आनंदीबाईंकडून सात वाट्या आणि साधं वरण मागून घेतलं. त्यांचाच लाल मसाला, संकेश्वरी आणि लवंगी मिरचीचा, तेलात तापवून वर आलेला कट त्याने गाळला. औषधाच्या दुकानातून नवा ड्रॉपर आणला होता. एका वाटीत नुसतं वरण, ती शून्य नंबरची. पुढच्या, म्हणजे पहिल्या वाटीत एक थेंब, मग दोन, चार, आठ, सोळा आणि शेवटच्या, सहाव्या वाटीत बत्तीस. हळद सढळ घालून रंग सारखा केला. कोणती वाटी कोणती हे त्याने सांगितलं नाही, फक्त सौम्यापासून सुरुवात केली आणि मध्ये दोन घास कोरडा भात खायला लावला.

"काय शोधतोयस?" आनंदीबाईंनी विचारलं.

"कुणाला कधी लागतं, आणि कोण कुठे थांबतं. दोनच प्रश्न."

"माजं नको काढू. आमटी चाखून वाढायची सवय नाय मला. उष्टी होते. मी वासावर करते."

पंगतीतले सातजण बसले. काशीराम फिटर सगळ्यात वयस्क, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, एरवी पंगतीत शब्द न बोलणारा. त्याने चौथी वाटी होईपर्यंत काहीच लागत नसल्याचं सांगितलं. सहावी संपवून तो म्हणाला, "वरण अळणी आहे. मीठ विसरलास." यासीनला पहिल्याच थेंबाला कळलं, तिसऱ्या वाटीला त्याने हात आडवा धरला. स्वरूपला स्वतःला दुसरीत लागलं आणि पाचवीत तो थांबला.

हरिश्चंद्र शेवटी बसला. पहिली वाटी तोंडाला लावताच त्याची उजवी भुवई हलली. "लागतंय," तो म्हणाला. स्वरूपला वाटलं, बढाई असेल. म्हणून त्याने वाट्या बदलून पुन्हा दिल्या. नुसत्या वरणाला तो नाही म्हणाला आणि एका थेंबाला हो. तरीही तो थांबला नाही. सहाव्या वाटीला कपाळावरून घाम कानाशी आला होता, डोळे भरले होते, आणि त्याने वाटी पालथी करून दाखवली.

सगळे पांगल्यावर तो स्वरूपजवळ आला. "माजं काय आलं?"

"तुम्हाला सगळ्यांच्या आधी लागतं. यासीनच्या बरोबरीनं."

हरिश्चंद्र म्हणाला, "पन मी थांबलो नाय."

"नाही थांबलात."

"मग?"

"मग काही नाही. कुणाला लागलेलंच आवडतं. तुम्हाला आवडत असेल."

"आवडतं का, हे कोनी विचारलंच नव्हतं कधी," हरिश्चंद्र म्हणाला. "आमच्या घरात ज्याला लागायचं त्याच्या पानात आजोबा अजून वाढायचे. पोरगा घट्ट व्हायला पायजे म्हनून." आणि तो बिडी ओढायला बाहेर गेला.

स्वरूपने मग तेच केलं जे प्रयोगशाळेत करतात. सात आकडे लिहिले, बेरीज केली, सातने भागलं. आनंदीबाईंची रोजची आमटी साधारण पाचव्या वाटीएवढी होती. थांबण्याची सरासरी आली चौथी. "मावशी, तिखट निम्मं करून बघा," तो म्हणाला. "टोप एकच. चव एकच. फक्त सगळ्यांच्या मधली." त्यात नियम मोडत नव्हता, म्हणून त्या कबूल झाल्या.

चार दिवस मधली आमटी झाली. काशीराम पहिल्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "कुणी आजारी आहे का?" तिसऱ्या दिवशी पाचऐवजी तीन भाकऱ्यांवर उठला. समोरच्या रांगेतल्या दोघांनी आपापल्या घरचा ठेचा आणला आणि तो वाटण्यावरून कुरबुर झाली. यासीन चौथ्या वाटीच्या आधीच थांबणारा. त्याच्या पेल्यातलं पाणी आता लाल नव्हतं, फिकट नारिंगी होतं. डॉक्टरांच्या तारखेला आठ दिवस उरले होते आणि वजन होतं तिथेच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी पंगत उठल्यावर आनंदीबाईंनी स्वरूपला थांबवलं. टोपात निम्मी आमटी शिल्लक होती.

"ही तुजी सरासरी. कोन जेवतो रे ती? सांग, तिला पान कुठं मांडू?"

स्वरूपने आकड्यांचा कागद काढला, पाहिला, परत घडी घातली. बरोबरच होतं. सातांतल्या एकाचाही आकडा चौथा नव्हता.

"मावशी, एक विचारू? वेगळं वाढायला तुमचा एवढा विरोध का?"

त्या टोपावर झाकण ठेवून बसल्या. "माज्या बहिणीच्या लग्नात आमचा बाप पंगतीला बसला होता. मुलीकडचा, नि गरीब. वाढप्यानं डाव टोपाच्या तळाला नेला तो पावन्यांसाठी. बापाला वरचं पानी. आमटीतनं पानाच्या शिरा दिसत होत्या. बाप जेवला, पन मी बघितलं. तेवापासनं ठरवलं."

स्वरूपने कागद खिशात घातला. मग म्हणाला, "काशीरामना भाकऱ्या किती वाढता?"

"पाच."

"मला?"

"तीन. कदी चार."

"हा पंक्तिप्रपंच नाही?"

"तो कसा? पोट ज्याचं त्याचं. मागतील तितक्या वाढते, कोनाला नाय म्हनत नाय."

"आणि जीभ?"

आनंदीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर आलं ते मोरीच्या बाजूने. यासीन हात धुऊन तिथेच उभा होता.

"मावशी, आमच्या घरी चारजण एकाच ताटात जेवतात. मोठा थाळ असतो, मध्ये भात. अब्बा कुवेतहून आले की तेही त्याच थाळात. कालवण अब्बांना आवडतं तसं तिखट करतात. मग अम्मी माझ्या बाजूला नारळाचं दूध ओतते. मला लागतं, तिखट." शेवटचं वाक्य तो जमिनीकडे बघत बोलला. "पहिल्या दिवसापासून लागतं."

आनंदीबाई त्याच्याकडे वळल्या. डॉक्टरांचं त्यांच्याही कानावर होतं, पण कारण त्यांना आत्ता कळत होतं.

"एकाच ताटात?" त्यांनी विचारलं. "म्हंजे बापाच्या बाजूचं लाल नि तुज्या बाजूचं पांढरं?"

"हो."

"नि मदी?"

"मध्ये गुलाबी होतं. ते शिफा खाते, बहीण."

"नि भांडण नाय?"

"माशाच्या डोक्यावरून होतं. तिखटावरून नाही."

त्यांना हसू आलं. मग त्या बराच वेळ विचारत राहिल्या: दूध आधी ओततात की भात कालवल्यावर, पाहुणा आला तर कुठल्या बाजूला बसवतात, म्हातारी माणसं कुठली बाजू घेतात. यासीनने सगळ्याची उत्तरं दिली. दीड महिन्यात तो त्या खोलीत इतकं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमटी नारळाच्या दुधाने फिकट झालेली होती. आनंदीबाईंनी पहिला डाव यासीनच्या ताटात घातला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"बघ."

"चालेल, मावशी."

"चालेल म्हंजे काय? लागतंय का नाय?"

"थोडं."

त्यांनी टोपात आणखी दूध घातलं, ढवळलं, पुन्हा वाढलं. या वेळी त्याने मान हलवली. मग सगळ्यांना तीच आमटी गेली आणि तिच्यामागून स्टीलच्या डब्यात लाल कट आला, आत चमचा. "ज्याला जितका पायजे तितका," आनंदीबाई म्हणाल्या. "कोनाला नाय म्हननार नाय. नि कोनी कोनाच्या चमच्यांकडं बघायचं नाय."

काशीरामने चार चमचे घेतले, कालवलं, एक घास खाल्ला आणि पाचवा घेतला. डबा हरिश्चंद्रासमोर आला. त्याने चमचा भरला, ओतला. दुसरा भरला, जरा वेळ धरला आणि परत डब्यात सोडला. त्याच्या शेजारच्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आनंदीबाईंनी त्याच्या पानात न मागता भाकरी टाकली आणि ते राहून गेलं.

यासीनने त्या दिवशी भात दोनदा घेतला. पेल्यातलं पाणी स्वच्छ राहिलं आणि तो ते प्यायला.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला सकाळी दहाला तपासणी झाली. वजन दीड किलोने वाढलं होतं, रक्तदाब ठीक. डॉक्टरांनी सही केली आणि विचारलं, "काय औषध घेतलंस?" तो म्हणाला, "जेवलो." साडेदहाला तो शिडी चढून दुसऱ्या मजल्यावर गेला. कठड्याजवळ क्षणभर थांबला, खाली पाहिलं आणि कामाला लागला.

जेवायला आला तेव्हा खानावळीत बातमी आधीच पोचली होती. हरिश्चंद्र चटईवर सरकून म्हणाला, "ये, वरच्या मजल्याचे साहेब." यासीन त्याच्या शेजारी बसला. आमटी आली, मागून डबा आला. रोज तो न उघडता पुढे सरकवत असे. आज त्याने झाकण काढलं.

"कशाला?" आनंदीबाई टोपाजवळूनच म्हणाल्या. "हरी काय बोलला काय?"

"मी कशाला बोलू," हरिश्चंद्र म्हणाला.

"नाही मावशी. एक थेंब घेऊन बघतो. काशीरामकाकांना काय मिळतं त्यात, ते बघायचंय."

काशीरामने मान वर केली. त्यालाही ते ऐकायचं असावं.

आनंदीबाई वाटी घेऊन आल्या, तीत दोन डाव आमटी घातली आणि चमच्याच्या टोकाने एक थेंब सोडला. "ताटात नको घेऊस, ताट चांगलं राहू दे. वाटीत बघ," त्या म्हणाल्या. "नाय आवडलं तर ठेव बाजूला. मांजराला तिखट नाय चालत, पन संपवायला काशीराम हाय."