अंजनाबाईंच्या पांढऱ्या साडीची घडी

वाऱ्याने दार आपटू नये म्हणून खाली लावलेली ही जड पितळी वस्तू म्हणजे मी, एक जुनी कोळशाची इस्त्री. हसू नका, मित्रांनो. माझ्या झाकणाच्या कडीवर एक छोटा कोंबडा बसलेला आहे, आणि एके काळी तो चांगला चमकत असे.

माझा जन्म नागपूरचा. रेल्वेत नोकरी करणाऱ्या तुळशीरामने लग्न झाल्यावर मला विकत घेतले आणि बायकोबरोबर, म्हणजे अंजनाबाईंबरोबर, रायपूरला आणले. दोन वर्षांत तो तापाने गेला. पदरात तान्हा दिवाकर होता. अंजनाबाई एका दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि घरी परतल्यावर चौबे कॉलनीतल्या लोकांचे कपडे इस्त्री करू लागल्या. दोन्ही कामे उभ्यानेच. त्या बसलेल्या मला दिसत, त्या फक्त रविवारी, प्रार्थनेला जाण्याआधी वेणी घालताना.

दर ईस्टरच्या आधी त्या पेटीतून लग्नाची साडी काढत. त्यांच्या ख्रिस्ती समाजात नवरी पांढरी साडी नेसते, आणि तीच नेसून कबरीत जायचे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली तर घडीवर चिरते. म्हणून जुनी घडी मोडायची, मला हलकेच फिरवायचे आणि नवी घडी घालायची. हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

एका वर्षी दवाखान्यात लागोपाठ दोन पाळ्या करून त्या आल्या. मी हातात होते आणि उभ्या उभ्याच त्यांचा डोळा लागला. क्षणभरच, पण निखारे माझ्या पोटात होते. पदरावर तळहाताएवढा तपकिरी डाग उमटला. अंजनाबाई जमिनीवर बसून रडल्या. पुढे त्या डाग आत राहील अशीच घडी घालू लागल्या. मला फार वाईट वाटे, कारण पदर जाळला तर मीच होता.

एकदा नरहरी पाद्रीसाहेब घरी आले. स्वर्गात सगळे कष्ट सरतात, शुभ्र वस्त्रे मिळतात, असे सांगू लागले. अंजनाबाईंनी हात न थांबवता विचारले, "थे कपडे इस्त्री कोन करते, साहेब?"

पाद्रीसाहेब हसले. "तिथले कपडे चुरगळत नाहीत, बाई. तुम्ही नुसतं बसायचं."

"मंग बसून करू काय?"

"विसावा घ्यायचा."

पाद्रीसाहेब गेल्यावर मला खाली ठेवत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पन जळकी साडी नेसून गेली, तर मले कोन आत घेईन?"

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले त्या वर्षी घरात विजेची इस्त्री आली आणि माझी रवानगी दाराशी झाली. अंजनाबाईंनीही अंथरूण धरले. मला वाटले, चला, दोघींनाही विसावा मिळाला. पण माझ्या पोटातली राख कुणी काढली नाही, आणि नात अनुश्री सोडली तर त्यांच्याजवळ बसायला कुणाला सवड नव्हती. असला कसला विसावा!

पुढच्या ईस्टरला अनुश्रीने साडी उलगडली. "दादी, इसमें तो दाग है. नई ले आते हैं न?"

अंजनाबाईंनी डागावर तळहात ठेवला. "नाही, पोट्टी. हेच नेसवजो. अन् डाग वर ठेवजो."

"ऊपर? सबको दिखेगा."

"दिसू दे. मी किती दमली होती थे देवाले दिसू दे. त्याले तरी समजन." मग दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अन् त्या जुन्या इस्त्रीनंच कर. डाग पडला तवा थेच होती हातात."

अनुश्रीने माझी राख काढली, मला चिंचेने घासले, कोळसे पेटवले. त्या डागावरून फिरताना मी जीव मुठीत धरला होता. पण पोरीचा हात हलका होता.

पंधरवड्यात अंजनाबाई गेल्या. पदर छातीवर घेतला होता आणि डाग सगळ्यांना दिसेल असा वर होता. दिवाकर उशाशी उभा होता. तो म्हणाला, "आईले दिवसा झोपलेली मी आज पयल्यांदा पायली," आणि हमसून हमसून रडला.

मी पुन्हा दाराशी आले, पण आता पोटात राख नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी सारखे उभे असेल. त्यांना वर विसावा मिळणार, यावर अंजनाबाईंसारखाच माझाही विश्वास आहे. तरीपण खुर्ची तुम्ही आजच द्या.