सात नंबरची डावी बाजू

नमुना अजून रंगवलेला नव्हता. राखाडी प्लास्टिकचं बोटभर लांबीचं इंजिन पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं आणि भोवती बसलेली माणसं त्यात खोड शोधत होती.

रेल्वेइंजिनांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या, टोकियोच्या कात्सुशिका भागातल्या या कारखान्याची ही जुनी रीत होती. नव्या इंजिनाच्या साच्यातून पहिला नमुना निघाला की मालक शिमोत्सुमा सान जुन्या संग्राहकांना बोलवायचे, चहा पाजायचे आणि त्यांच्या शिव्या खायचे. "काय ते आत्ता बोला," ते म्हणायचे. "माल दुकानात गेल्यावर बोललात तर मी बहिरा."

"धुराडं उंच झालंय," कामोशिदा डॉक्टर भिंगातून बघत म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. रिव्हेट मोजताना त्यांना जेवणाचीही आठवण राहत नसे.

"कितीनं?"

"केसभर."

"कुणाच्या केसभर, डॉक्टर? तुमच्या डोक्यावर तर मापाला एक शिल्लक नाही."

सगळे हसले. तोमिए नागामिनेही हसली, पण तिचं लक्ष इंजिनावरून हलत नव्हतं. हे सात नंबरचं इंजिन तिच्याच हट्टामुळे निघत होतं. होक्काइदोतल्या ओतोसावा कोळसाखाणीची स्वतःची रेल्वे होती आणि तोमिएचं बालपण त्या रेल्वेच्या कामगारचाळीत गेलं होतं. आता खाण नाही, रूळ नाहीत, चाळही नाही. औषधांच्या दुकानातली नोकरी संपल्यापासून तिने घरातल्या मोठ्या खोलीत ती सगळी लाइन छोट्या मापात उभी केली होती. बाकीची इंजिनं दुसऱ्या लाइनींवरही होती, त्यामुळे त्यांचे नमुने बाजारात मिळाले. सात नंबर मात्र दोन मोडक्या इंजिनांतून खाणीच्याच कारखान्यात जोडलेलं, जगात एकच. त्याचा नकाशा कुठे उरला नव्हता. होते ते चार-सहा फोटो, आणि डाव्या बाजूचा तर एकच, उसुई सानांनी तरुणपणी काढलेला. उसुई सान आज ऐंशीच्या घरात होते. तिच्या शेजारीच बसून चहात बिस्किट बुडवत होते.

"आणि हे काय?" डॉक्टरांनी दात कोरायच्या काडीने इंजिनाच्या डाव्या अंगाला टोचलं. बॉयलरच्या कडेने माणसाला चालता यावं म्हणून एक अरुंद पट्टी असते. त्या पट्टीवर बॉयलरला टेकून कच्च्या तांदळाच्या दाण्याएवढा एक उंचवटा होता.

इंजिनाचा आराखडा काढणारी ओरिहारा जरा सावरून बसली. "ते मलाही कळलं नाही. पण फोटोत आहे."

"कळलं नाही तरी केलंस?"

"मागच्या इंजिनात मी एक नळी सोडली होती, डॉक्टर. तुम्ही वर्षभर मला त्या नळीवरून बोलत होतात. तेव्हापासून फोटोत दिसेल ते सोडायचं नाही, असं ठरवलंय."

शिमोत्सुमा सानांनी मोठा केलेला फोटो टेबलावर सरकवला. बर्फ, वाफ, दाणेदार काळोखी. पट्टीवर एक काळा आकार.

"पंप असेल."

"पंपाला नळी लागते. कुठाय नळी?"

"मग हत्यारांची पेटी."

"पेटीला कोपरे असतात हो. हे तर भिजलेल्या मांजरासारखं दिसतंय."

उसुई सानांनी कप खाली ठेवला. "माझ्या फोटोत मांजरं नसतात. माझ्या फोटोत इंजिन असतं."

"मग हे काय आहे, तुम्हीच सांगा."

"काही नाही. तिथे काहीही नव्हतं."

शिमोत्सुमा सान तोमिएकडे वळले. "नागामिने सान, हे इंजिन रोज पाहिलेल्या तुम्ही एकट्याच. तुम्ही म्हणाल तसं. होतं म्हणालात तर राहील, नव्हतं म्हणालात तर काढू. पण विचार करून सांगा. नमुन्यावर काही वाढवायचं तर साचा आणखी कोरला की झालं. काढायचं म्हणजे साच्यातली ती पोकळी पोलादाने भरून घ्यावी लागते. एकदा भरली की भरली."

तोमिएने भिंग घेतलं.

गुडघे छातीशी घेतलेले होते. मान खाली. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित वर. ओरिहाराने पेटी काढली नव्हती, पंपही काढला नव्हता. काय आहे ते न कळता, नुसतं दिसलं तसं काढलं होतं, आणि म्हणूनच ते इतकं हुबेहूब उतरलं होतं. लहानपणी तिच्या भावाच्या, इसाओदादाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ते नीट बसलं नाही. तेव्हापासून त्याचा डावा खांदा असाच वर राहायचा.

"काय हो, ओळखीचं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला हे घरी न्यायचंय," तोमिए म्हणाली. "पुढच्या आठवड्यात सांगते."

बाहेर जूनचा चिकट उकाडा होता. नदीकाठच्या रस्त्याने उसुई सान तिच्या बरोबरीने काठी टेकत चालले.

"तो फोटो कधीचा?" तिने विचारलं.

"फेब्रुवारीच्या अखेरचा. दोन दिवस गाडीत बसून आलो होतो, एवढ्या एका इंजिनासाठी."

"माझा भाऊ जानेवारीत गेला."

उसुई सान थांबले.

मग तिने सांगितलं, चालता चालता, जास्त न रंगवता. दादा इंजिनं पुसायच्या कामावर होता. पाळी संपली की तो सात नंबरच्या डाव्या पट्टीवर बॉयलरला पाठ लावून बसायचा, कारण तिथे ऊब असायची. बसायला मनाई होती. चाळीमागच्या वळणावर इंजिन हळू व्हायचं, तिथे तो उडी मारून उतरायचा आणि मागच्या दाराने घरात यायचा. जानेवारीतल्या त्या वादळात इंजिन आलं, पुढे गेलं, आणि दादा आला नाही. चालक म्हणाला, तो आज बसलाच नव्हता. लोकांनी बर्फ उकरलं. वसंतात बर्फ वितळलं, तेव्हा सगळी लाइन पायी पालथी घातली. काही मिळालं नाही. टोकियोला पळाला असेल, असं लोक म्हणू लागले. घरातल्या देवघरात गेलेल्यांच्या नावाच्या पाट्या असतात, तिथे आईने त्याची पाटी कधी बसू दिली नाही. मिळाला नाही म्हणजे गेला नाही, असं तिचं म्हणणं. मरेपर्यंत मागच्या दाराला तिने कडी लावली नाही.

उसुई सानांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "आम्हा इंजिनांचे फोटो काढणाऱ्यांची एक खोड असते. माणूस चौकटीत आला की बटण दाबायचं नाही. तो जाईपर्यंत थांबायचं, हात गोठले तरी. मी त्या दिवशी थांबलो होतो. सगळं मोकळं झालं, तेव्हाच दाबलं." त्यांनी एक छोटा फोटो तिच्या हातात दिला. "आणि हा त्याच्या पुढचा. मध्ये श्वासाएवढं अंतर."

तेच इंजिन, तीच वाफ. डाव्या पट्टीवर बर्फाचा जाड थर होता, सलग, कुठेही न मोडलेला. कोणी तिथे बसून उठलं असतं तर तसा राहिला नसता.

"तिथे कोणी नव्हतं, हे मी साठ वर्षं सांगत आलोय," उसुई सान म्हणाले. "आताही तेच सांगेन. पण मला पुन्हा विचारू नका, नागामिने सान."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोमिएने नमुना खोक्यातून काढला आणि चटकन खाली ठेवला. तो गार होता. खोलीत घामाच्या धारा लागत होत्या आणि इंजिनाच्या डाव्या अंगावर बारीक दव धरलं होतं. उजवं अंग कोरडं होतं. गार वस्तूवर दव धरतं, त्यात नवल नव्हतं. रात्रभर गरम खोलीत ठेवलेलं प्लास्टिक गार कसं राहिलं, आणि एकाच बाजूने, याचं उत्तर तिने शोधलं. तिला सापडलं नाही. तिने मऊ कापडाने दव टिपलं.

तिला पहिल्यांदा आनंदच झाला, हे खरं. इतक्या वर्षांनी तो सापडला होता. 'होतं' एवढा एक शब्द म्हटला की तो राहणार होता. कोणालाही न कळता, पेटी म्हणून का होईना, राहणार होता. पण मग तिला डॉक्टरांच्या घरची रेल्वेची खोली आठवली. तिथे रूळ गोल होते. सगळ्यांच्याच घरी गोल असतात. हजारो घरांत सात नंबर सुरू होणार, फिरणार, पुन्हा तिथेच येणार. आणि त्या प्रत्येकावर दादा, उघड्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, वळण यायची वाट बघत.

तोमिएची लाइन मात्र गोल नव्हती. शेडपासून खाणीपर्यंत जायची आणि संपायची. मध्ये चाळ होती, काडेपेटीएवढी घरं, त्यांतल्या शेवटच्याला मागचं दार.

तिने नमुन्याचं राखाडी कवच दुसऱ्या एका छोट्या इंजिनाच्या चाकांवर बसवलं आणि वीज सोडली. इंजिन शेडमधून निघालं, पुलावरून गेलं, चाळीमागच्या वळणावर आलं आणि थांबलं.

रुळावर मळ असेल. तिने रूळ पुसले, चाकं पुसली, इंजिन पुन्हा शेडपासून सोडलं. ते वळणावर थांबलं. तिने विजेची तार तपासली. तिथे वीज पुरेपूर येत होती. शेवटी तिने कवच काढून नुसती चाकं सोडली. ती न थांबता खाणीपर्यंत गेली. कवच चढवलं, की वळणावर इंजिन उभं.

ती बराच वेळ बघत राहिली. डावी बाजू चाळीकडे होती. मग तिने हात पुढे केला आणि शेवटच्या घराचं मागचं दार नखाने उघडलं. तिनेच ते उघडझाप होणारं केलं होतं. का केलं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

"दादा," ती म्हणाली, "घर आलं. उतर."

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. खालच्या रस्त्याने टोफूवाल्याची गाडी गेली. मग इंजिनाला एक बारीकसा हिसका बसला, ओझं उतरल्यावर हातगाडीला बसतो तसा, आणि ते चालू लागलं. खाणीपाशी जाऊन लाइनीच्या टोकाला थांबलं. तिने उचललं, तेव्हा ते खोलीइतकंच गरम होतं. डावीकडचा उंचवटा होता तसाच होता. तिने भिंग घेतलं, खूप वेळ पाहिलं. आता ती पेटीही असू शकली असती.

तिने भात लावला. खारवलेला सामन मासा घालून त्याचे दोन गोळे वळले. एक देवघरात ठेवला. आईच्या पाटीशेजारी थोडी जागा केली आणि पाटी करणाऱ्या दुकानाला फोन लावला. मग कारखान्याला.

"ते भरून टाका," ती म्हणाली.

"म्हणजे ते नव्हतं?" शिमोत्सुमा सानांनी विचारलं.

"होतं. आता नाही."

"ओरिहाराला काय कारण सांगू?"

"तिला सांगा, तिने काही चुकवलं नाही. तिच्याइतकं नीट कोणी काढलं नसतं."

साचा भरायच्या दिवशी ती स्वतः गेली. पोलादाच्या ठोकळ्यात इंजिनाची डावी बाजू उलटी कोरलेली होती आणि तिच्यात तांदळाएवढी एक पोकळी. कारागिराने काळी काच तोंडावर ओढली, तिलाही एक दिली. काचेतून फक्त एक हिरवट ठिणगी दिसली. पोकळीत पोलाद वितळून उतरलं, लाल झालं, करडं झालं. तोमिएने हात जोडले. ठोकळा थंड होईपर्यंत कारागिराने पुढचं काम हातात घेतलं नाही.

शरद ऋतूत दुसरा नमुना आला, आता काळा रंगवलेला. तीच माणसं, तोच चहा. धुराडं केसभर उतरलं होतं.

"आता बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले आणि लगेच दिव्याखाली इंजिन तिरकं धरलं. "पण हे बघा. डावीकडे, पट्टीच्या वर. इथे रंगाची चमक गेलीय. इवलासा डाग आहे."

ओरिहाराने मान डोलावली. "साचा भरला ना, तिथलं आहे ते. भरलेलं पोलाद वेगळं थंड होतं, मग प्लास्टिकवर असं उमटतं. पुन्हा घासून घेते."

"घासायलाच हवं. ग्राहक पैसे मोजतो."

उसुई सानांनी चष्मा काढून पुसला. ते डागाकडे बघत नव्हते, तोमिएकडे बघत होते.

तोमिएने इंजिन हातात घेतलं. डाग बॉयलरवर होता, पाठ टेकायच्या उंचीवर. उजेड सरळ पडला की दिसतच नव्हता. तिने त्यावर अंगठा ठेवला. तो ना गार होता, ना गरम.

"राहू द्या," ती म्हणाली. "खऱ्या इंजिनावरही तिथे रंग उडालेला होता."

"कशानं?" डॉक्टरांनी वही उघडली. असला तपशील त्यांना सोडवत नसे.

"बसून बसून."