वर्षभराचा फुकट पहारा

आर्लिस हाउगेनच्या हातून झालेली एक चूक सगळ्या फर्गस फॉल्स गावाला तोंडपाठ होती, आणि ती गावाकडून पाठ करून घेण्याचं काम तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने, ड्वेनने, एकट्याने केलं होतं.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आर्लिस कॉम्प्युटरवर रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांची कृती शोधत होती. एकाएकी पडद्यावर भलीमोठी लाल चौकट उघडली आणि घंटा घणघणायला लागली. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो व्हायरस सापडले आहेत. ताबडतोब सेफनेस्ट अँटिव्हायरस विकत घ्या!’ शाळेच्या स्वयंपाकघरात आर्लिसने जन्मभर शेकडो पोरांचं जेवण रांधलं होतं. तिथल्या भट्टीने पेट घेतला तेव्हाही तिने शांतपणे ओला टॉवेल टाकून आग विझवली होती. पण त्या घंटेने तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने कार्डाचा नंबर टाकला, घंटा गप्प झाली. पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं, की व्हायरस वगैरे काही नव्हतंच. ज्याच्या-त्याच्या पडद्यावर ती चौकट उघडत होती.

हे तिने ड्वेनला विश्वासाने सांगितलं. तिथेच चुकलं. तेव्हापासून तिने नवा टोस्टर आणला तरी ड्वेन विचारायचा, “व्हायरस नाही ना गं त्यात? कार्ड जवळ ठेव हो!” चर्चच्या तळघरात कॉफी घेताना, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसल्यावर, तो हा किस्सा हातवारे करून सांगायचा. घंटेचा आवाजसुद्धा काढायचा.

म्हणून मार्चमध्ये तिला ती ईमेल आली तेव्हा ती शेजारच्या मर्ना फॉसमखेरीज कुणाला बोलली नाही. मर्ना चष्मा नाकावर ओढत वाचायला बसली. सेफनेस्टने खोटी भीती घालून माल विकला म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने कोर्टात दावा लागला होता, आणि आता तडजोड झाली होती. ज्यांनी माल घेतला होता त्यांनी अर्ज करायचा आणि मोजके डॉलर घ्यायचे, नाहीतर कंपनीचं नवं अँटिव्हायरस वर्षभर फुकट वापरायचं.

“थांब हं,” मर्ना म्हणाली. “म्हणजे ज्याने घर फोडलं, त्यालाच आता आपण वर्षभर फुकट पहाऱ्याला बसवायचं?”

“असं दिसतंय खरं.”

“आणि हे कोर्टाला पटलं?”

“वकिलांना पटलंय. त्यांचे पैसे वेगळे आहेत, ते खाली बारीक अक्षरात लिहिलंय.”

“मग तू काय घेणार?”

“मी काहीच घेणार नाही. हीसुद्धा फसवणूकच असेल. ड्वेनच्या कानावर गेलं तर मला गाव सोडावं लागेल.”

मर्ना मान डोलावून घरी गेली. वाटेत तिला किराणा दुकानात काहीतरी घ्यायचं आठवलं. तासाभरात ड्वेन आर्लिसच्या दारात बुटांचा चिखल झटकत उभा, आणि त्याच्यामागे मर्ना, अगदी निरागस चेहऱ्याने.

“पुन्हा?” ड्वेन म्हणाला. “अगं, एकदा हात पोळला ते पुरलं नाही का तुला?”

“मी काही केलेलं नाही. नुसती वाचली.”

“वाचतेसच कशाला? आण तो फोन इकडे. यांची आज चांगली हजेरी घेतो.”

ईमेलच्या खाली चौकशीचा नंबर होता. ड्वेनने तो फिरवला, फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि वड्यांची ताटली स्वतःकडे ओढून घेतली. पलीकडून एक बाई अतिशय सौजन्याने बोलली. तिचं नाव योलांडा. तिने विचारलं, “सर, आपलं नाव आणि फोन नंबर सांगाल का? यादीत आहात का ते बघते.”

ड्वेनने फोनवर पंजा ठेवला आणि डोळा मिचकावला. “आता गंमत बघा. तुझं नाव सांगतच नाही, माझंच सांगतो. माझंही नाव यादीत आहे म्हणाली, की थापाडी म्हणून रंगेहाथ पकडली!” मग पंजा काढून त्याने आवाज चढवला. “ड्वेन टोर्गरसन!”

नंबरही सांगितला. पलीकडे टकटक ऐकू आली.

“हो सर, आहात ना,” योलांडा म्हणाली. “फर्गस फॉल्स, मिनेसोटा. आपण गोल्ड पॅक घेतला होता.”

“पकडली!” मर्ना टाळी वाजवून ओरडली. “काय गं थापाडी! अगं, याने कधी काही घेतलेलंच नाही!”

“घेतलंय ना मॅडम. आणि त्यानंतर दोनदा नूतनीकरणही केलंय. शिवाय सर, फॅमिली पॅकचे पैसे वेगळे भरलेत, म्हणजे तुम्हाला—”

“बरं, बरं,” ड्वेन घाईघाईने म्हणाला.

मर्ना अजून हसत होती. आर्लिस मात्र ड्वेनच्या कानांकडे बघत होती. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. आज ते शेंड्यापर्यंत पेटले होते.

“कधी घेतलं होतं त्यांनी?” आर्लिसने फोनला विचारलं.

योलांडाने तारीख सांगितली. आर्लिसच्या खरेदीच्या आधीची होती.

ड्वेनने फोन बंद केला. मर्नाचं हसू हळूहळू ओसरलं आणि तोंड तेवढं उघडं राहिलं.

“म्हणजे मी तुला सांगायला आले,” आर्लिस म्हणाली, “तेव्हा तू आधीच फसलेला होतास?”

“हो.”

“आणि तरी तीन वर्षं माझी टर उडवलीस?”

ड्वेनने हातातली वडी ताटलीत परत ठेवली. “तू सांगायला लागलीस आणि मी घाबरलो गं. वाटलं, आपण हसलो नाही तर ही विचारेल, तुझं काय रे? म्हणून हसलो. मग सगळेच हसायला लागले, मग थांबता येईना. आजही वाटलं, ईमेलच खोटी आहे, त्यांच्याकडे खरी यादी कुठली असायला!” मग त्याने गेलेल्या बायकोचं नाव काढलं. “कोरीनचे सगळे फोटो त्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. ती गेली त्याच महिन्यात ती लाल चौकट आली. मला वाटलं, फोटोही जातात की काय. जे-जे म्हणाले ते-ते घेत गेलो.”

तीन वर्षांत आर्लिसने जपून ठेवलेली कितीतरी उत्तरं होती. फ्रिजपाशी उभी राहून तिने ती आरशासमोर म्हणावीत तशी म्हणून पाहिली होती. आता ती सगळी एकदम जिभेवर आली. पण कोरीनचे फोटो मध्ये आणले म्हणजे माणसाने भांडायचं तरी कसं? तिला त्याचाही राग आला.

“गाढवा,” ती शेवटी म्हणाली. “मला का नाही सांगितलंस? दोघांनी मिळून रडलो असतो.”

तेवढ्यात मर्ना कोट चढवू लागली.

“मर्ना, कोट काढ.”

“अगं, मला जरा दुकानात—”

“तुझं दुकान मला माहितेय. बस. कॉफी घे.”

मर्ना बसली. ती कॉफी संपेस्तोवर आर्लिसने दोघांचेही दावे भरून टाकले. ड्वेनला अँटिव्हायरस हवं होतं, फोटोंसाठी. “त्यांच्याकडूनच?” मर्नाने विचारलं. “आता कोर्टाची नजर आहे ना त्यांच्यावर,” तो म्हणाला. आर्लिसने पैशांवर खूण करता-करता हात थांबवला आणि तिनेही अँटिव्हायरसच घेतलं. कंपनीला वर्षभर फुकट राबवायचा विचार तिला फार गोड वाटला.

मर्नाने शपथ घेतल्यासारखं तोंड मिटलं आणि ते शनिवारपर्यंत मिटलेलं राहिलं. रविवारी चर्चच्या तळघरात ड्वेनला सगळे घंटेचा आवाज काढून दाखव म्हणायला लागले. त्याने दाखवला, मान खाली घालून. पण हसण्याची लाट ओसरल्यावर भलतंच झालं. लोहाराने खाकरून आर्लिसला विचारलं, ती ईमेल कशी दिसते? ग्रंथपाल बाई म्हणाल्या, त्यांच्या बहिणीला आली होती बहुतेक. एकेक जण कॉफीचा कप घेऊन आर्लिसच्या टेबलाकडे सरकायला लागला. ड्वेन तोंड वासून बघत राहिला. तीन वर्षं त्याच्या किश्शाला सर्वांत मोठ्याने हसणारेच तिथे रांगेत होते.

सगळे पांगल्यावर चर्चचे पास्टर लिंडक्विस्ट टेबलं पुसत-पुसत जवळ आले.

“आर्लिस, त्या दाव्याची शेवटची तारीख कधी आहे? एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय.”

“त्यांना सांगा, अजून वेळ आहे,” आर्लिस म्हणाली. “आणि घाबरू नका म्हणावं.”

पास्टरांनी तेच टेबल पुन्हा पुसलं.

पानगळीच्या दिवसांत सगळ्यांचे फुकट अँटिव्हायरसचे कोड आले. आर्लिसने ड्वेनच्या घरी जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस चढवलं. ते कोरीनचा एकेक फोटो तपासत दुपारभर चाललं, आणि प्रत्येक नाव पडद्यावरून सरकलं की ड्वेन सांगत होता, हा डुलुथच्या सहलीचा, हा तिने पकडलेल्या माशाचा, हा मी बिघडवलेला. कुठेही काही सापडलं नाही.

पास्टरांच्या ओळखीच्या माणसाकडे मात्र खरोखरच व्हायरस निघाला.