प्रेमाबाईंचं प्रस्थान

मी एक निळी सूटकेस आहे. जुनी, आणि तीन चाकांची. चौथं चाक फ्रँकफर्टच्या विमानतळावर निखळलं, ते तिथंच राहिलं. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम बेंगळुरूत, मल्लेश्वरमच्या एका घराच्या माळ्यावर आहे. माझ्या मालकाने कामातून वर्षभराची सुट्टी घेतली आहे, म्हणून मलाही सुट्टी. सुट्टीत माणसं जगाचा आणि आयुष्याचा विचार करतात म्हणे. मीही तोच करते आहे, पण माझे विचार कडू आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. चामराजपेटेतल्या दुकानात नंदकिशोरांनी मला नारळ पारखावा तशी टिचकी मारून पाहिली आणि घरी आणलं. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर प्रेमाबाईंना, म्हणजे बायकोला, घेऊन जग बघायचं असं त्यांनी ठरवलं होतं. निवृत्तीनंतर चार महिन्यांत ते गेले, तेही मला न घेता. मग मी त्यांच्या मुलाच्या, मुकुलच्या, वाट्याला आले.

मुकुल सर्जापूर रोडला राहतो. त्याच्या फ्लॅटला माळा नाही, म्हणून दोन प्रवासांच्या मधे मी त्याच्या आईकडे असते. कंपनीच्या कामासाठी तो एकोणीस देश फिरला, आणि मीही फिरले. काय पाहिलं म्हणाल तर विमानाचं पोट, सरकता पट्टा आणि हॉटेलातल्या पलंगाखालची धूळ. ‘बाबांची बॅग, अजून टिकलीय’ असं तो परदेशी मित्रांना कौतुकाने सांगे, आणि झाकण लागेना की मला गुडघ्याने दाबे.

प्रेमाबाई दर प्रवासाआधी पंचांग बघत. विमान काही मुहूर्त बघून सुटत नाही. म्हणून त्या प्रस्थान ठेवत. चांगल्या वेळेला मला समोरच्या पद्मावती अक्कांच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं. नियम एकच, प्रस्थानाचं सामान परत घरात आणायचं नाही. तिथूनच उचलायचं आणि पुढं निघायचं. मुकुल हसायचा, पण मला न्यायला मुकाट्याने अक्कांच्या दारात जायचा.

येताना तो आईसाठी फ्रीजवर लावायचं चुंबक आणायचा. एकोणीस देशांची चुंबकं आली, पण प्रेमाबाईंचा जीव प्रागच्या पुलावर जडला. दोन्ही कठड्यांवर पुतळे असलेला तो एवढासा पूल त्या रोज पदराने पुसायच्या. त्यावर चालता येतं का, असं त्यांनी एकदा विचारलं.

“न्यायचंय तुला एकदा,” मुकुल म्हणाला. “ब्रेक मिळू दे.”

एवढ्या शब्दावर त्यांनी गुपचूप पासपोर्ट काढला. पाच वर्षांनी एकदाचा ब्रेक मिळाला. मुकुलचा फोन आला.

“आई, वर्षभर काम बंद. आता आपण फक्त फिरणार. सुरुवात प्रागपासून.”

मित्रांनो, घोळ इथं झाला. प्रेमाबाईंचा जन्म मल्लेश्वरममधलाच. त्यांच्या मराठीत ‘आपण’ म्हणजे तू आणि मी. मुकुल कॉलेजला पुण्यात होता. तिथं पोरं ‘आपण नाही घाबरत’ म्हणतात ना, तो ऐटीतला ‘मी’ त्याच्या जिभेवर बसलेला. आईने आपल्या मराठीत ऐकलं.

त्यांनी मला खाली काढलं. दोन सुती साड्या, नंदकिशोरांचा स्वेटर, मेतकुटाचा डबा आत गेला. पासपोर्ट पुढच्या कप्प्यात ठेवला. व्हिसाबिसा मुकुल बघेल, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. गुरुवारी सकाळी प्रस्थान ठेवलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच त्यांचं स्वतःचं होतं, आणि मीही पहिल्यांदाच आनंदाने जड झाले होते.

रविवारी मुकुल आला. आईच्या साडीखाली नवे पांढरे बूट दिसले.

“बूट? कुठं निघालीस?”

प्रेमाबाईंनी त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. तिकीट उघडं होतं आणि त्यावर एकच नाव होतं.

“सँकी टँकच्या तळ्यावर चालायला जाते हल्ली, सकाळची,” त्या म्हणाल्या.

छान, असं म्हणून मुकुलने सांगितलं की या ब्रेकमध्ये त्याला जरा एकटं राहायचं आहे, स्वतःकडे बघायचं आहे. मग त्याने बॅग कुठाय ते विचारलं. नेहमीप्रमाणे तोच मला आणायला अक्कांकडे निघाला होता, पण आईने त्याला बसवलं आणि त्या एकट्याच समोर आल्या.

मला त्यांनी अक्कांच्या पुढच्या खोलीतच रिकामं केलं. अक्कांना काही सांगावं लागलं नाही. प्रस्थान मोडू नये, मुलाला स्वल्प समजावून सांगा, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

“मोडलं कुठं, अक्का?” प्रेमाबाई म्हणाल्या. “प्रस्थान त्याचंच होतं. मी आपलं माझं समजले.”

साड्या आणि स्वेटर कापडी पिशवीत गेले. डबा अक्कांना दिला. घाईत पुढचा कप्पा तपासायचा राहिला. मला तोंड आहे, पण ते नुसतं उघडायला आणि मिटायला.

प्रागच्या हॉटेलात मुकुलला तो पासपोर्ट सापडला. त्याने कोरी पानं बराच वेळ चाळली. मग घरी फोन लावला आणि विचारलं, हा कधी काढलास?

“राहिला वाटतं चुकून,” पलीकडून आवाज आला. “जपून आण.”

त्याने फोन ठेवला. खिडकीतून पूल दिसत होता. थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप उघडला आणि मोठ्याने वाचत लिहिलं की प्रवास आपल्याला आपल्या माणसांची किंमत शिकवतो. त्याला काहीच कळलं नाही असं मला वाटत नाही. कळलं असावं, आणि तेच मला जास्त लागलं.

परत आल्यावर त्याने आईला चुंबक दिलं. तोच पूल, तेच पुतळे. आधी आणलेलं तो विसरला होता. प्रेमाबाईंनी ते पहिल्याच्या शेजारी लावलं. पासपोर्ट अजून माझ्या कप्प्यात आहे. तो देत नाही आणि त्या मागत नाहीत.

हल्ली मुकुल फिरायचं सोडून मराठी मंडळींसमोर जगप्रवासावर बोलतो. बडं प्रस्थान आहे, असं लोक त्याच्याविषयी म्हणतात. प्रेमाबाई पहिल्या रांगेत बसून ऐकतात.

मित्रांनो, शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं मी म्हणायला हवं. माझं चाक बसवलं नाही तरी चालेल. घरात ‘आपण’ म्हणाल तेव्हा मात्र त्यात कोण कोण आहे ते आधी ठरवून म्हणा. तुमचा शब्द ऐकून कुणी तरी नवे बूट घालून बसलेलं असतं.