उपाशी इर्जिक

रंगरावचा उजवा हात धर्मकार्यात मोडला, असं रंगराव स्वतः सांगायचा. धर्मकार्य असं होतं की जानेफळात दर रविवारी सहदेवच्या घरी चार माणसं जमून येशूची गाणी म्हणायची, आणि ती गावाच्या कानावर पडू नयेत म्हणून त्याच्या दारासमोरच्या कडूलिंबावर भजनाचा भोंगा बांधायचा होता. भोंगा बांधून झाला. रंगराव उतरायला लागला आणि फांदीनं विचार बदलला. सगळ्यात आधी धावून आला सहदेव, कारण दार त्याचंच समोर होतं.

"हात लावू नको," रंगराव मातीत पडल्या पडल्या म्हणाला.

"कोणत्या हाताले? मोडलेल्या का साबूत?" सहदेवनं विचारलं आणि त्याला उचलून ऑटोत घातलं.

त्याच्या आठच दिवस आधी रंगरावनं पारावर उभं राहून बंदी घातली होती. सहदेवच्या घरचं कोणी खायचं नाही, प्यायचं नाही, आणि सहदेवनं गावातल्या कोणापुढं येशूचं नाव काढायचं नाही. सहदेव शांतपणे "बरं" म्हणाला. रंगराव तासभर भांडायची तयारी करून आला होता. त्याला फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

ते साल गुलाबी बोंडअळीचं. बीटी बियाण्याच्या पाकिटावरच्या चित्रात कापूस पांढराशुभ्र होता. वावरातल्या बोंडात मात्र अळी राहायला आली होती आणि चांगली गुबगुबीत झाली होती. गावानं ठरवलं, होळी पेटायच्या आत ज्यानं त्यानं कापसाची पऱ्हाटी मुळासकट उपटून वावर मोकळं करायचं, म्हणजे अळीला पुढच्या सालापर्यंत घर उरणार नाही. ज्याची पऱ्हाटी उभी दिसेल त्याच्या वावराला गाव काडी लावेल. हा ठरावही रंगरावनंच मांडला होता, हात साबूत असताना.

आता त्याच्या गळ्यात प्लास्टर आणि वावरात पऱ्हाटी. मजूर मिळेनात. ट्रॅक्टर होता शालिग्रामकडं, पण शालिग्रामशी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण. चुलतभावाशी विहिरीवरून भांडण. रंगरावनं कोणाशी भांडण नाही ते आठवून पाहिलं, तेव्हा फक्त गावाबाहेरची माणसं आठवली.

होळीला थोडेच दिवस उरले असताना कौशल्याबाई सकाळी वावरातून परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "आपल्या वावरात सहदेवभाऊ पऱ्हाटी उपटून राह्यले."

रंगराव चप्पल न घालताच निघाला. सहदेव लोखंडी चिमट्यानं एकेक झाड बुडाशी धरत होता, दांडा दाबत होता, झाड मुळासकट वर येत होतं.

"काऊन बे सहद्या, कोणाले विचारून?"

"इर्जिकीत विचारत नाहीत, रंगरावभाऊ."

इर्जिक म्हणजे इर्जिक. कोणाचं काम अडलं की दुसऱ्यानं आपलं अवजार घेऊन जायचं, पैशाचं नाव काढायचं नाही, आणि मालकानं त्याला पोटभर जेवू घालून स्वतः त्याच्यासोबत जेवायचं. इर्जिकीचा माणूस उपाशी गेला तर त्या वावराची बरकत त्याच्यासोबत जाते. रंगरावच्या आज्यानं हे सांगितलं होतं, आणि आज्याचं एवढं एकच म्हणणं होतं ज्याच्याशी रंगराव भांडला नव्हता. एक साल अळीनं खाल्लं. दुसरं सहदेवनं उपाशी राहून न्यावं, हे त्याला परवडणारं नव्हतं.

त्यानं दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी वावरात नेली. सहदेवच्या घरचं खायला बंदी होती, सहदेवला खाऊ घालायला नव्हती. ठराव आपण किती बारकाईनं केला, याचं त्याला समाधान वाटलं.

"जेव," तो म्हणाला. आवाज 'मर' म्हणायचा होता.

"दिवसा खात नाही मी सध्या. उपास आहे."

"कायचा?"

"ते सांगता येत नाही."

"काऊन?"

"तुमीच बंदी घातली. कायचा ते सांगायचं तर नाव घ्यावं लागते."

रंगराव डबा घेऊन घरी आला आणि सगळा राग कौशल्याबाईवर काढला. ती म्हणाली, "उपास आहे तर उपासाचं न्या ना. रोडगे कोण खाते उपासाले?" हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू आणि केळी असा डबा गेला. सहदेवनं झाकण उघडून पाहिलं, कौतुक केलं आणि झाकण लावलं.

"आमच्या उपासात हेही चालत नाही."

"केळंही नाही?"

"नाही."

"मग खायलाच काही नाही, तर उपास करावा कायले माणसानं?"

सहदेव हसला आणि चिमटा उचलून पुढच्या ओळीला लागला. तो हसला याचा रंगरावला सगळ्यात जास्त राग आला. घरी जाताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. हा बाटवायला आलेला नाही. हा आपल्याला वाळीत टाकून राह्यला. आपण त्याच्या घरचं बंद केलं, तर यानं आपल्या घरचं बंद केलं, आणि वरून आपलंच काम करून सगळी बरकत उचलून नेणार. इतका पाताळयंत्री माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता. वाळीत टाकायचं काम गावात त्याच्याकडं होतं.

"तू दगडाचा आहेस का बे?" तिसऱ्या दिवशी तो धुऱ्यावर बसून ओरडला. "तुले भूक लागत नाही?"

"लागते ना."

"मग खा. नाहीतर माझ्या वावरातून निघ."

"भूक लागली म्हणून निघू का खात नाही म्हणून निघू?"

रंगरावनं डाव्या हातानं ढेकूळ फेकलं. नेम उजव्या हाताचा होता, ढेकूळ भलतीकडं गेलं. सहदेवनं तिकडं पाहिलंही नाही.

होळीच्या आदल्या दिवशी शेजारच्या वावरातला खुर्शीद धुऱ्यावर येऊन बसला. तो बैल घेऊन चालला होता, पण डबा घेऊन बसलेला रंगराव आणि न जेवणारा सहदेव हा तमाशा तो रोज पाहत होता.

"अबे रंगराव, तू येडा आहे का? रोजा असंल त्याचा. आमचा असते तसा. दिन डूबल्यावर खाईल ना."

"किरिस्तावाले रोजा असते?"

"मले काय माहीत. मी त्याले आमच्यासारखा दिवसभर उपाशी पाह्यला, म्हणून सांगून राह्यलो. शाम को बैठ जा डबा लेके."

रंगराव बसला. आयुष्यात त्यानं संकष्टीच्या चंद्राची वाट पाहिली होती. सूर्य बुडायची वाट पहिल्यांदाच पाहत होता. सूर्य त्या दिवशी मुद्दाम रेंगाळला. शेवटची ओळ उपटून झाली, तेव्हा तो मावळतीला टेकला होता. सहदेवनं हात धुतले, डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही.

"काय म्हणला?"

"तोंडातून काही काढलं नाही मी."

"ते दिसलं मले. काय म्हणला ते सांग. बंदी मी घातली, मीच विचारून राह्यलो."

"म्हटलं, रंगरावभाऊचा हात जुळू दे."

रंगरावनं त्याच्यापुढं भाकर टाकली, स्वतःपुढं टाकली. दोघं जेवू लागले. सहदेव खरंच भुकेला होता. त्यानं तीन भाकरी संपवल्या.

"तुले माझ्याकडून काय पाहिजे ते एकदाचं बोल," रंगराव म्हणाला.

"काही नाही. येशूनं सांगून ठेवलं आहे, जो आपला द्वेष करते त्याचं भलं करा. म्हणून तुमचं काम आधी घेतलं."

"मी तुझा द्वेष करतो हे तुले कोणी सांगितलं?"

"भोंग्यानं."

रंगराव चावता चावता थांबला. त्याला वेगळाच शब्द अडला होता. "आधी म्हंजे? तुझ्या वावराचं काय?"

"उभं आहे."

"सगळं?"

"सगळं."

सडकेवरून शालिग्रामचा ट्रॅक्टर गेला. शालिग्रामनं वेग कमी करून दोघांची पंगत नीट पाहून घेतली.

होळीच्या सकाळी शालिग्राम दहा-बारा माणसं घेऊन सहदेवच्या वावरावर आला. पंगत पाहिल्यापासून त्याला काडीची घाई झाली होती. पाहतो तर रंगराव आधीच तिथं. सहदेव चिमट्याचं तोंड बुडाशी धरायचा आणि रंगराव दांड्यावर पोट टाकून लोंबकळायचा. झाड वर यायचं, रंगराव खाली जायचा. सहदेवची बायको सिंधूताई मागून पऱ्हाट्या गोळा करत होती.

"ठराव तुझाच आहे, रंगराव," शालिग्राम म्हणाला.

"होळी पेटायच्या आत, असा आहे. होळी सांजेले पेटते. तोवर काडी खिशात ठेव."

"सांजेपर्यंत होणार आहे का हे?"

"नाही होत. इर्जिक आहे, चिमटा आण. नसंल आणायचा तर उन्हात बस."

ते उन्हात बसले. फक्त खुर्शीद चिमटा घेऊन आत उतरला. धुऱ्यावरून हसणं चालू होतं. कोणी म्हणालं, रंगरावला पाण्यात बुडवून नवं नाव ठेवलं. कोणी नावही सुचवलं. रंगराव दर झाडागणिक त्यांना एकेक शिवी देत होता, त्यामुळं कामाला लय आली होती.

दुपारी सिंधूताई घाबरत जवळ आली. "भाऊ, तुमच्या घरून डबा मागवू का? आमच्या घरचं तर..."

धुऱ्यावरची माणसं पाहायला उठून उभी राहिली.

"इर्जिकीले आलो मी," रंगराव मोठ्यानं म्हणाला. "इर्जिकीचा माणूस मालकाच्या घरचं खाते. काय केलं?"

"पिठलं."

"पिठलं आवडत नाही मले," रंगराव म्हणाला आणि ताट पुढं ओढलं. खुर्शीद बाजूला बसला. सहदेव न जेवता त्यांच्यासोबत पाणी वाढत बसला, आणि यावरूनही रंगरावनं त्याला दोन शब्द ऐकवले.

"आजपासून तुझ्या घरालेही तीच बंदी," शालिग्राम वरून म्हणाला.

"बरं," रंगराव म्हणाला.

सांजेपर्यंत बरंचसं वावर मोकळं झालं, खालचा कोपरा राहिला. त्याला काडी लागली. पऱ्हाटी तडतडली, तिच्यासोबत सहदेवच्या धुऱ्यावरचं बोरीचं झाडही पेटलं. लोक होळीला निघून गेले. सिंधूताई डोळ्याला पदर लावून घराकडं वळली. खुर्शीद आपला चिमटा घेऊन घरी गेला. सहदेव जळत्या बोरीकडं पाहत उभा राहिला, आणि रंगराव त्याच्याकडं.

"आताही भलं करशील शालिग्रामचं?"

"करावं लागंल."

"मनातून?"

"मनातून आज नाही होणार. हातानं सुरू करीन."

रंगराव धुऱ्यावर बसला, मोडका हात मांडीवर घेतला. "बस. कोण होता तो, हे असं सांगून ठेवणारा, ते सांग पुरं. आधीच सांगून ठेवतो, मले पटणार नाही."

सहदेव बसला आणि सांगू लागला. दोन वाक्यं झाली नसतील, तर रंगरावनं त्याला मध्येच थांबवून पहिली हरकत घेतली.