पिंजऱ्याबाहेरची काठी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची काठी आहे. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या एका अंगणात, आंब्याच्या सावलीत माझं आयुष्य गेलं. माझी लांबी माझ्या मालकाच्या काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. त्याचं नाव पोन्सो, पण सारा गाव त्याला लोलो म्हणजे आजोबाच म्हणतो. त्यानेच मला डोंगरातून आणलं, सोललं आणि विस्तवावर धरून सरळ केलं. तेव्हा उठलेले काळे पट्टे मी अजून दागिन्यांसारखे मिरवते.

आमच्या खेळाला एस्क्रिमा म्हणतात. एका हातात काठी, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या हाताला लोलो ‘जिवंत हात’ म्हणतो, कारण समोरच्याचा हात दाबायचं आणि वळवायचं काम तोच करतो. शिकणारे जोडीने उभे राहतात. प्रत्येक वाराला नंबर आहे; एकाने नंबर पुकारून तो वार करायचा, दुसऱ्याने तो अडवायचा. वेतावर वेत आपटला की करपल्यासारखा वास सुटतो. माझं अत्तर तेच!

लोलोची नात जोवेलिन दात येताना माझं टोक चावायची. त्या इवल्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. चालायला लागली तीसुद्धा मला धरूनच.

पुढे गावात जिम निघाली. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र करून तारेच्या पिंजऱ्यात लढायची नवी झुंज आली आणि अंगणातली पोरं तिकडे पळाली. मी कोंबड्या हाकलू लागले. जोवेलिनही जिममध्ये गेली, पण सकाळी माझ्याशी तासभर खेळल्याशिवाय तिचं पाऊल घराबाहेर पडत नसे.

तिथले कोच रेनांते हसायचे. “इंदाय, अगं पोरी, पिंजऱ्यात काठी नेता येत नाही, ठाऊक आहे ना?”

लोलो म्हणायचा, “काठी बाहेरच राहू दे रे. चाल आत जाईल.”

पहिली झुंज जोवेलिन हरली. कोच म्हणाले, “सणाच्या झुंजीत हरलीस, तर जिमच्या संघात तुला जागा नाही. मग खेळ आजोबांबरोबर काठ्या!” तिला तर तो संघ जिवापाड हवा होता. त्या दिवशी तिने मला इतकं घट्ट धरलं, की तिच्या तळव्याचा घाम माझ्यात मुरला.

गावच्या संताचा सण आला. मैदानात पिंजरा उभा राहिला. लोलोने मला काखेत मारलं, तर दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं.

“काठी नाही चालणार, लोलो.”

“म्हातारपणाचा आधार आहे, बाळा.”

“एवढ्या आखूड काठीवर टेकणार कसे?”

लोलो लगेच कमरेत वाकला, मला जमिनीवर टेकवलं आणि कण्हत कण्हत आत शिरला. पहारेकरी हसून हसून बेजार!

समोर बर्नडेथ होती, अंगाने दीडपट. तिने जोवेलिनला जाळीला दाबलं, खाली पाडलं. तिथून सुटण्याची युक्ती माझ्याकडे नव्हती, ती कोचनीच शिकवलेली. जोवेलिन सुटली, उभी राहिली आणि पुन्हा समोरच्या वाराची नुसती वाट बघत राहिली. मार अडवत होती, देत नव्हती. घंटा झाली. पहिली फेरी गेली.

लोलो जाळीपाशी धावला. पाठ एकदम ताठ!

“काय गं, वाट कसली बघतेस? ती काय आपल्या अंगणात शिकलीय, नंबर पुकारून मारायला?”

जोवेलिन धापा टाकत होती. “लोलो, सवय झालीय.”

“मग मोड! ती निघाली की तू तिरकी हो. जिवंत हात तिच्या कोपरावर. पुढचं तुझ्या मनगटाला विचार.”

 कोचनीही होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या फेरीत बर्नडेथचा ठोसा सुटला, तेव्हा जोवेलिन तिथे नव्हतीच. एक तिरकं पाऊल, डाव्या हाताने कोपर दाबलेलं, आणि उजवी मूठ चाबकासारखी! मी तिच्या हातात नव्हते, तरी माझे सगळे वार मला ओळखू आले. एक, चार, बारा! तिसऱ्या फेरीत तर तिने बर्नडेथला पुढे येऊच दिलं नाही. पंचांनी जोवेलिनचा हात उचलला, तेव्हा लोलोने मला हवेत इतकं गरगर फिरवलं, की मला चक्कर आली.

“संघात?” जोवेलिनने विचारलं. ओठ सुजलेला, डोळे हसरे.

“संघात,” कोच म्हणाले. मग लोलोकडे वळले. “लोलो, सोमवारी पोरांना अंगणात आणू का?”

“आण की. आणि तूही रांगेत उभा राहा.”

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं काही तुमच्या घरी असेल, तर त्याला वाळवी लागू देऊ नका. खोबरेल तेलाचा हात फिरवा, चीर गेली तर चिकटपट्टी गुंडाळा. पण कौतुकाने काचेच्या कपाटात मात्र ठेवू नका. आम्ही हातात जगतो. आज सोमवार आहे. अंगणात चौदा पोरं उभी आहेत. रेनांते कोचनी मला नवख्यासारखं धरलंय, आणि जोवेलिनने आत्ताच त्यांच्या बोटांवर पहिला फटका दिलाय. ऐका, कसे ओरडतायत ते!