भिंगरीच्या हाताला येईल असं

दुकानाच्या जिन्यावरून तिचा पाय घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर चढलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, पण पहिली काळजी तिला नोकरीची नव्हे, चार वर्षांच्या लेकीची लागली. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. रोज सकाळी तिला कपडे घालणार कोण? नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो घरी आला तर आला.

"मी आहे ना," ताई म्हणाली.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून तिचं पार्लर होतं. ती सकाळी यायची, भिंगरीला काखोटीला मारायची आणि बघता बघता नटवून उभी करायची. असे काही दिवस गेले. एका दुपारी भिंगरीच्या फ्रॉकवर दूध सांडलं, तर पोरगी दोन्ही हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशीला बोलाव."

भिंगरीने आपले कपडे आपणच घालायचे, असा आईने तिथेच चंग बांधला.

मोठ्या कपाटातला कपडे टांगायचा दांडा आईच्याच कपाळाच्या वर होता. मग तिने बुटांचं जुनं, बुटकं कपाट रिकामं करून पुसून घेतलं आणि त्याची दारं काढायला बसली. चष्म्याचे मुंगीएवढे स्क्रू फिरवणारा हात गळ्यात बांधलेला, आणि डावा हात म्हणजे घरात आलेला पाहुणा, कशातच काही कळेना. पेचकस दहा वेळा निसटला. भिंगरीने दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मधली फळी निघाली, त्या जागी पडद्याचा जास्तीचा रॉड आडवा बसला. खाली दोन खोके ठेवले, एक चड्ड्यांचा, एक मोज्यांचा. त्यांच्यावरची चित्रं भिंगरीनेच काढली. मोजा थेट बदकासारखा दिसत होता, पण तो मोजा आहे हे तिला माहीत होतं. तेवढं पुरे.

संध्याकाळी भिंगरीने त्यात लावलेले सगळे कपडे ओढून काढले आणि ढिगावर चढून बसली. आई चिडली नाही. कपडे फार झाले होते, हे तिच्या लक्षात आलं. दोन शर्ट, दोन पँट, दोन फ्रॉक बुटक्या कपाटात ठेवून बाकी सगळं तिने मोठ्या कपाटात कोंबलं.

सकाळी ताई आली, तेव्हा भिंगरीचे दोन्ही पाय पँटच्या एकाच नळीत होते.

"अगं, शाळेला उशीर होईल! दे इकडे!"

आई मध्ये आली. "ताई, हात लावायचा नाही."

"तू एका हाताची, ती एवढीशी. काय ही हौस!"

"हौस नाही. तिच्या लग्नापर्यंत तू रोज येणार आहेस का?"

ताई फुगून खुर्चीत बसली. मोकळा हात आईने मांडीखाली दाबून धरला. पँट कशीबशी चढली. मग शर्ट डोक्यातच अडकला.

"आई, अंधार!"

"कुठे उजेड दिसतोय का?"

"इकडे दिसतोय."

"मग तिकडेच हात घाल."

हात बाहेर आला, मग डोकं, विस्कटलेलं, लालबुंद. शर्ट पुढचा मागे होता.

"उलटा आहे," ताई पुटपुटली.

"असू दे," आई म्हणाली.

उलट्या शर्टातच भिंगरी शाळेत गेली, तीही उशिरा. बाईंचं बोलणं आईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून लेकीला लवकर उठवायला लागली. बटणांनी मात्र रोज नाकी नऊ आणले. भिंगरी रडायची, पाय आपटायची, आई शेजारी बसून राहायची. "लागेल बटण," एवढंच म्हणायची. मदत मागितली, तर काजाच्या तोंडाशी बटण आणून द्यायची. ओढायचं भिंगरीने.

ताई यायची, खुर्चीत बसून बघायची. मग एका सकाळी ती पार्लरमधला एक जादा आरसा घेऊन आली. खिळे आणि हातोडीही आणली होती. कपाटाशेजारी, भिंगरीच्या उंचीला, तिने तो स्वतः ठोकून बसवला.

"तिला दिसायला नको का, काय घातलंय ते?" ती गुरकावली.

भिंगरी आरशासमोर उभी राहिली. मान वाकडी करून तिने गळ्याशी आलेलं लेबल पाहिलं. कपाळाला आठी पडली. मग कुणाकडे न बघता तिने शर्ट डोक्यातून काढला, जमिनीवर पसरला आणि पुन्हा घालायला घेतला.

दोघी बहिणी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या.